दुप्पट केलेले चित्र तिरके का होते?

प्रश्न : सी भाषेत २४ बिटांची बीएमपी चित्रे मोठी करणारा प्रोग्रॅम लिहिला. दुप्पट केलेले चित्र तिरके होते, रंगही विस्कटतात. काय चुकते?

उत्तर : बहुधा पॅडिंग. बीएमपीतली प्रत्येक ओळ ४ बाइटांच्या पटीत संपावी लागते. ३ पिक्सेलांची ओळ ९ बाइटांची, म्हणून ३ बाइटांची भर. दुप्पट केल्यावर १८ बाइट होतात, तेव्हा भर २ बाइटांचीच हवी. जुनीच भर लिहिली तर प्रत्येक ओळ आणखी एका बाइटने सरकते. रंग विस्कटतात ते त्यामुळेच. वाचताना जुने पॅडिंग ओलांडा, लिहिताना नव्या रुंदीवरून काढा. हेडरमधली रुंदी, उंची आणि फाइलचा आकारही बदला. चाचणी मात्र अशा इवल्या चित्रावरच घ्या. हेक्स डंपमध्ये त्याचा बाइट न् बाइट मोजता येतो.