गाडीचा मेळ

अंकगणिताच्या पुस्तकांत आगगाडीचीं उदाहरणें पुष्कळ असतात. परंतु त्यांतील गाडी कधीं उशिरा येत नाहीं. प्रत्यक्षांत ती येते, आणि तशा वेळीं उतारूनें काय करावें हें त्या पुस्तकांत सांपडत नाहीं. म्हणून आम्हीं हा लहानसा पाठ लिहीत आहों.

मानोरा तालुक्यांतील पोहरादेवी हें क्षेत्र बंजारा समाजाची काशी म्हणून प्रसिद्ध आहे. संत सेवालाल महाराजांची समाधि येथें असून रामनवमीच्या यात्रेस परप्रांतांतूनही भाविकांची रीघ लागते. परंतु गांवाला आगगाडी नाहीं. दूरचा यात्रेकरू अकोला किंवा पूर्णा येथें गाडी बदलून वाशीमला उतरतो व तेथून पुढें एस. टी.नें येतो. एकेकाळीं बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून देशभर फिरणाऱ्या तांड्यांचा व्यापार आगगाडीनें संपविला. त्यांचे वंशज आज त्याच आगगाडीच्या वेळापत्रकावर विसंबून देवदर्शनास येतात.

आतां एक हिशेब करूं. समजा, पहिली गाडी सकाळीं 6 वाजतां पोहोंचावयाची असून दुसरी 6 वाजून 40 मिनिटांनीं सुटते. पहिलीला 45 मिनिटें उशीर झाला, तर उतारूचा तोटा 45 मिनिटांचा होतो काय? नव्हे. पुढील गाडी सायंकाळीं असेल, तर त्याचा सारा दिवस गेला. आणि शेवटची एस. टी. चुकली, तर रात्रही स्टेशनावर गेली. मोठ्या शहरीं अर्ध्या तासांत दुसरी गाडी मिळते; खेड्याच्या वाटेवर ती मिळत नाहीं. उशीर सर्वांस सारखाच, पण त्याची शिक्षा सारखी नसते.

आमच्या वऱ्हाडास हा अनुभव जुना आहे. मूर्तिजापूर–यवतमाळ ही अरुंद रुळांची गाडी कारंजा व दारव्हा यांवरून जात असे. तिचे रूळ 2 फूट 6 इंच रुंदीचे, तर मुंबई–नागपूर मार्गाचे 5 फूट 6 इंच. म्हणून मूर्तिजापुरास प्रत्येक उतारूस बोचकीं घेऊन गाडी बदलावीच लागे. ती गाडी आतां धावत नाहीं. गाडी बदलण्याची चिंता मात्र उरली आहे.

उतारूस कांहीं हक्क आहेत, ते पालकांनींही ध्यानांत ठेवावे. चढण्याच्या स्टेशनावर गाडीस तीन तासांहून अधिक उशीर असेल आणि प्रवास करावयाचा नसेल, तर गाडी प्रत्यक्ष सुटण्यापूर्वीं आरक्षित तिकीट परत केल्यास पूर्ण भाडें मिळतें. 1 एप्रिल 2019 पासून दोन गाड्यांचीं आरक्षित तिकिटें एकमेकांस जोडतां येतात. पहिलीच्या उशिरामुळें दुसरी चुकली, तर मुदतींत मागणी केल्यास दुसरीचें भाडें कपात न होतां परत मिळतें. चढण्याचें स्टेशनही आगाऊ बदलतां येतें. मात्र एकदां बदललें म्हणजे मूळ स्टेशनावर चढण्याचा हक्क राहत नाहीं.

पण भाडें परत मिळालें म्हणून चुकलेली परीक्षा परत मिळत नाहीं. याचा विचार न्यायालयानेंही केला आहे. जून 2016 मध्यें अजमेर–जम्मू गाडी सुमारें चार तास उशिरा पोहोंचली व एका कुटुंबाचें श्रीनगरचें विमान चुकलें. उशिराबद्दल आपण बांधील नाहीं, असें रेल्वेचें म्हणणें होतें. सर्वोच्च न्यायालयानें 6 सप्टेंबर 2021 रोजीं ठरविलें कीं, उशीर आपल्या ताब्याबाहेरील कारणांनीं झाला हें रेल्वेनें दाखविलें पाहिजे. नाहींतर भरपाई द्यावी लागेल. त्या कुटुंबास भरपाई देण्याचा हुकूम कायम राहिला.

वेळापत्रक हें छापील वचन आहे, आणि वचनास दोन बाजू असतात. उतारूनें वेळेपूर्वीं फलाटावर असावें, गाडी बदलण्यास भरपूर अवकाश ठेवावा, व महत्त्वाच्या कामास शक्य तर आदल्या दिवशींच निघावें. रेल्वेनें उशिराचें कारण सांगावें, आणि आडवाटेच्या उतारूची गाडी चुकणार नाहीं अशी काळजी घ्यावी. दिग्रसवरून जाणाऱ्या वर्धा–नांदेड या 284 किलोमीटरच्या नव्या मार्गाचा वर्धा–कळंब हा भाग 2024 सालीं खुला झाला आहे. रूळ जवळ आले म्हणजे वाट सोपी होते खरी. पण ज्याची शेवटची एस. टी. चुकेल, त्या उतारूची आठवण ठेवून वेळापत्रक आंखलें, तरच ती वाट सर्वांची होईल.