मुळाचा आंबट रस

सणाच्या आदल्या दिवशी पितळेची समई आणि तांब्याचा हंडा बाहेर निघतो. चिंचेच्या कोळाने घासले की काळपट डाग जातात. चिंचेतला आंबट रस त्या डागातल्या धातूला धरतो आणि पाण्याबरोबर घेऊन जातो. आपल्या आयाबहिणींना हे शाळेत न जाता ठाऊक आहे. आम्ही जन्मभर पोरांना शिकवले, पण याचा शेताशी काय संबंध, ते फार उशिरा शिकलो.

ज्या ॲल्युमिनियमची आपण पातेली वापरतो, तो धातू मातीत पुष्कळ असतो. एरवी तो मातीच्या कणांत अडकलेला असतो. पिकाला त्रास देत नाही. पण जिथे पाऊस फार, तिथे जमिनीतला चुना हळूहळू धुऊन जातो आणि जमीन आंबट होते. कोकणातली जांभ्याची तांबडी जमीन आंबटच. जमीन फार आंबट झाली, की अडकलेला ॲल्युमिनियम सुटून पाण्यात विरघळतो आणि मुळाच्या टोकाला बाधतो. मूळ आखूड, जाडसर राहते. पावसाने जरा दडी मारली की रोप मान टाकते. खाली ओल असते हो, पण मूळ तिथवर पोचलेलेच नसते! आपण म्हणतो, पावसाने पीक नेले. अशा वेळी एखादे रोप अलगद खणून मूळ पाहावे.

चुना घातला की जमीन सुधारते. पण नांगराचा फाळ जाईल तेवढीच. त्याखाली मुळाने काय करावे?

ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी गव्हाचे दोन वाण ॲल्युमिनियम मिसळलेल्या पाण्यात वाढवून पाहिले. १९९३ साली त्यांनी ते छापले. एका वाणाला धातू बाधला, दुसरा तगला. तगलेल्या वाणाच्या मुळाने दुसऱ्याच्या ५ ते १० पट आंबट रस बाहेर सोडला होता. धातू लागल्यावर १५ मिनिटांत रस सुटू लागला. या रसाचे नाव मॅलिक आम्ल. पहाटे हरभऱ्याच्या शेतातून गेलात तर पानांवरची आंब बोटाला लागते ना? तिच्यातही हेच आम्ल असते.

आंबट जमिनीवर आंबट रसाचाच उपाय, हे आम्हालाही आधी उलटे वाटले. पण इथे चिंचेसारखेच होते. रस धातूला धरून ठेवतो. असा धरलेला धातू मुळाला बाधत नाही. रस सगळ्या मुळातून सुटत नाही, शेंड्याच्या ३ ते ५ मिलिमीटर भागातूनच सुटतो. धातूचा घाव बसतो तोही तिथेच.