वाळूवरचे शहर आणि आपली पावले

शास्त्रवाचन : मत्तय ७:२४-२७, योहान १९:२३-२४, इफिस ४:२८

अमेरिकेत मुलाकडे किंवा मुलीकडे काही महिने राहून आलेले आईवडील आता आपल्या अनेक मंडळ्यांत आढळतात. ज्यांची मुले न्यू जर्सी राज्यात आहेत त्यांना एखाद्या शनिवारी हमखास विचारले जाते, "आई, बाबा, उद्या अटलांटिक सिटीला जाऊ या का? समुद्र आहे, फिरायला सुंदर वाट आहे, आणि कॅसिनोही बघून होईल." जावे की न जावे? आणि गेल्यावर मुलाने वीस डॉलर हातात ठेवून "गंमत म्हणून लावून बघा" म्हटले, तर काय करावे? प्रश्न लहान दिसतो, परंतु त्याचे उत्तर देण्यापूर्वी या शहराचा इतिहास पाहणे उपयोगी ठरेल.

१. वाळू आणि लाकडी वाट

अटलांटिक सिटी हे ॲबसिकन नावाच्या वालुकामय बेटावर वसलेले आहे. समुद्राची हवा रोग्यांना हितकर ठरेल असे डॉ. जोनाथन पिटनी यांचे मत होते. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी खटपट केल्यावर १८५४ साली येथे आगगाडी आली. १८५७ साली जहाजांसाठी दीपगृह उभे राहिले. त्याच्या २२८ पायऱ्या आजही चढता येतात.

लोक येऊ लागले तशी एक अडचण उद्भवली. किनाऱ्यावरून परतणाऱ्यांच्या पायांबरोबर वाळू हॉटेलांत आणि आगगाडीच्या डब्यांत येई. अलेक्झांडर बोर्डमन हा रेल्वेतील कंडक्टर आणि जेकब कीम हा हॉटेलमालक यांनी लाकडी फळ्यांची वाट सुचविली व १८७० च्या जूनमध्ये ती खुली झाली. हाच प्रसिद्ध 'बोर्डवॉक'. आज त्याची लांबी सुमारे चार मैल, म्हणजे साडेसहा किलोमीटर आहे. त्यावर चालण्यास पैसे पडत नाहीत आणि तेथील किनाराही सर्वांस मोफत आहे.

या शहराचे रस्ते आपल्याला नकळत परिचित आहेत. १९३५ साली पार्कर ब्रदर्स कंपनीने बाजारात आणलेल्या 'मोनोपॉली' खेळाच्या पटावरील नावे येथलीच आहेत. त्याच धर्तीवरचा, मुंबई, दिल्ली अशी नावे असलेला 'व्यापार' आपण लहानपणी सुटीत खेळलो. त्या खेळाचे मूळ एलिझाबेथ मॅगी या बाईंच्या १९०४ सालच्या एका खेळात आहे. एकाच्या हाती सर्व जमीन गेली म्हणजे बाकीचे कसे कंगाल होतात, हे लोकांना दाखवावे असा त्यांचा हेतू होता. धडा विसरला गेला. खेळ तेवढा उरला.

२. आशेचा पाया

दुसऱ्या महायुद्धानंतर लोक मोटारीने व विमानाने दूरच्या ठिकाणी जाऊ लागले आणि शहराला उतरती कळा लागली. कॅसिनो आणले तर शहर पुन्हा उभे राहील, असे सांगण्यात आले. १९७४ साली न्यू जर्सीच्या मतदारांनी ही कल्पना नाकारली, परंतु १९७६ साली फक्त या शहरापुरती ती मान्य केली. २६ मे १९७८ रोजी पहिला कॅसिनो उघडला. नेवाडा राज्याबाहेर कायद्याने चालणारा तो अमेरिकेतील पहिलाच कॅसिनो होता.

येथे आपण न्यायाने बोलले पाहिजे. हजारो लोकांना नोकऱ्या मिळाल्या. कॅसिनोंच्या उत्पन्नावरील आठ टक्के कर वृद्ध व अपंग यांच्या साहाय्यासाठी ठेवण्यात आला. तरीही बोर्डवॉकपासून थोडे आत गेले की रिकामे भूखंड व गरिबांची घरे दिसत राहिली. पुढे शेजारच्या राज्यांनीही कॅसिनो काढले आणि गिऱ्हाईक वाटले गेले. २०१४ या एकाच वर्षी बारांपैकी चार कॅसिनो बंद पडले आणि हजारो कामगार घरी बसले. २०१६ साली शहराचा आर्थिक कारभार राज्य सरकारने हाती घेतला. 'ताजमहाल' हे आपल्या ओळखीचे नाव धारण करून १९९० साली मोठ्या थाटाने उघडलेला कॅसिनोही २०१६ सालीच बंद झाला. ती इमारत २०१८ साली दुसऱ्या नावाने पुन्हा उघडली. आणखी एक उंच बंद कॅसिनो फेब्रुवारी २०२१ मध्ये सुरुंग लावून काही क्षणांत पाडण्यात आला. शहर संपलेले नाही. तेथे आजही कॅसिनो चालतात. परंतु प्रभूने सांगितलेला दोन घरांचा दाखला वाचताना हे चित्र डोळ्यांपुढे यावे. वाळू पायांना लागू नये म्हणून फळ्या घालता येतात; पायाखालची वाळू मात्र त्याने खडक होत नाही.

३. चक्राचा हिशेब

"नशिबात असेल तर मिळेल" असे लोक म्हणतात. आपण हिशेबच करून पाहू. अमेरिकन रूलेट चक्राला ३८ घरे असतात : १८ तांबडी, १८ काळी आणि शून्याची दोन हिरवी. तांबड्यावर शंभर डॉलर लावले आणि तांबडे आले तर वर शंभर मिळतात. न आले तर लावलेले शंभर जातात. प्रत्येक घर एकदा आले असे धरून ३८ वेळा खेळले, तर १८ वेळा जिंकून १,८०० मिळतील व २० वेळा हरून २,००० जातील. दोनशेचा तोटा! ३,८०० डॉलर लावण्याची ही किंमत आहे. एखाद्या संध्याकाळी एखादा मनुष्य जिंकेलही, परंतु जितका अधिक वेळ बसावे तितका हा हिशेब खरा ठरत जातो. यात लबाडी लागत नाही. ती दोन हिरवी घरे पुरेशी आहेत.

म्हणजे जिंकणाऱ्याचे पैसे कोठून येतात? शेजारच्या खुर्चीवर हरलेल्या माणसाकडून. आणि त्या दोघांच्याही खिशातून चक्राचा मालक आपला वाटा घेतो.

४. पवित्र शास्त्र काय शिकविते?

जुगार हा शब्द घेऊन केलेली थेट आज्ञा आपल्याला शास्त्रात सापडत नाही, हे प्रामाणिकपणे मान्य करावे. चिठ्ठ्या टाकून मत्थियाची निवड झाली (प्रेषित १:२६), परंतु तेथे कोणी कोणाचे काही जिंकले नाही. याउलट वधस्तंभाच्या पायथ्याशी शिपायांनी चिठ्ठ्या टाकल्या त्या प्रभूच्या अंगरख्यासाठी. वर एक जण यातना सोसत होता, आणि खाली त्याचे वस्त्र कोणाच्या वाट्याला येते याकडे त्यांचे लक्ष होते. दुसऱ्याच्या हानीकडे न पाहता आपला लाभ पाहणे, हे जुगाराचे मर्म त्या दृश्यात आहे.

पौल इफिसकरांस याच्या उलट मार्ग दाखवितो. मनुष्याने आपल्या हातांनी श्रम करावे, आणि तेही केवळ पोटासाठी नव्हे, तर गरजवंताला देता यावे म्हणून. वीस डॉलर थोडे की फार, हा खरा प्रश्न नाही. जो लाभ शेजाऱ्याच्या तोट्याखेरीज मिळूच शकत नाही, तो आपल्याला हवा आहे काय?

५. आपले अंगण

परदेशातील शहराला नावे ठेवणे सोपे आहे. १९७६ सालीच महाराष्ट्र विधिमंडळाने कॅसिनोंसंबंधी एक कायदा केला होता. तो अमलात आलाच नाही आणि २०२३ साली रद्द झाला. गोव्यात मात्र मांडवी नदीत कॅसिनोच्या नौका उभ्या आहेत. काही राज्ये स्वतःच लॉटरी चालवितात. आणि आपल्या मंडळीच्या जत्रेतील 'लकी ड्रॉ'? तिकीट घेणारा मंडळीच्या कामासाठी देतो, की मिक्सर मिळेल म्हणून? हा प्रश्न पाळक व वडील मंडळींनी प्रार्थनापूर्वक विचारात घ्यावा.

मग अटलांटिक सिटीला जावे काय? अवश्य जावे. सकाळी बोर्डवॉकवर चालावे, समुद्र पाहावा, दीपगृह चढावे. परंतु गाडीत बसण्यापूर्वीच मुलाला प्रेमाने सांगावे, "बाळ, आपण फिरायला जाऊ, खेळायला नको." आत नेल्यावर नाही म्हणणे अवघड जाते. आणि घरात कोणी या सवयीत सापडला असेल, तर त्याला लाजवू नका व त्याचे कर्ज गुपचूप फेडूही नका. त्याच्याजवळ बसा, पाळकांना विश्वासात घ्या, जाणत्या समुपदेशकाचे साहाय्य घ्या. प्रभू हरवलेल्याला शोधावयास आला, हे त्याला आपल्या वागण्यातून कळू द्या.

मननासाठी प्रश्न
१. श्रमाविना आलेल्या पैशाची आशा माझ्या मनात कोठे दडली आहे?
२. माझ्या लाभामुळे कोणाची हानी होते, हे मी कधी तपासले आहे काय?
३. आपल्या मंडळीने निधी उभारताना कोणता नियम पाळावा?