एक संक्षिप्त पत्र आणि ‘लोक काय म्हणतील?’

कुरआनच्या सूरह अन-नम्लमध्ये एका पत्राचा वृत्तान्त आला आहे. पत्र लिहिणारे आहेत प्रेषित सुलैमान (अ.), ते पोहोचविणारा आहे हुदहुद पक्षी आणि ते ज्या व्यक्तीच्या हाती पडते, ती आहे सबा देशाची राणी. पत्र अगदी छोटे आहे. परमकृपाळू व परमदयाळू अल्लाहच्या नावाने त्याचा आरंभ होतो. माझ्याविरुद्ध अहंकार करू नका आणि आज्ञाधारक होऊन या, एवढाच पुढचा आशय. ‘बिस्मिल्लाह’चे संपूर्ण वाक्य सूरहच्या प्रारंभी न येता तिच्या मध्यभागी आले आहे, असे कुरआनातील हे एकमेव स्थळ आहे.

राणीने ते पत्र वाचून काय केले? तिने ते फेकून दिले नाही. दरबाऱ्यांना बोलावून हे पत्र सन्माननीय आहे असे सांगितले आणि त्यांचा सल्ला विचारला. सरदारांनी आपल्या शौर्याचा आणि सैन्यबळाचा उल्लेख केला. परंतु राजे एखाद्या नगरीत शिरले की तिची कशी नासाडी करतात, हे ती जाणून होती. तिने घाई टाळली, पारख केली आणि सत्य उमगले तेव्हा आपले सिंहासन त्याच्या आड येऊ दिले नाही. कुरआनने तिच्या या विचारशीलतेची नोंद कायमची करून ठेवली आहे.

वाचकहो, पत्र वाचणारी ही स्त्री आपण पाहिली. आता पत्र लिहिणाऱ्या स्त्रियांकडे वळू या. त्यांच्यापैकी एकीचे पत्र असे आहे की, ते आजही आपल्या प्रत्येक घराच्या पत्त्यावर आलेले आहे.

लेखणी शिकविणारी गुरू

इस्लामच्या आगमनाच्या वेळी मक्केत लिहिता-वाचता येणारी माणसे मोजकीच होती. त्या मोजक्यांत अदी घराण्यातील ह. शिफा बिन्ते अब्दुल्लाह (रजि.) यांचा समावेश होता. हिजरतीपूर्वीच त्यांनी इस्लामचा स्वीकार केला होता. सुनन अबू दाऊदमध्ये नमूद आहे की, प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या पत्नी ह. हफ्सा (रजि.) यांना शिफा (रजि.) यांनी लेखन शिकविले होते. त्याचा उल्लेख करून प्रेषितांनी (स.) शिफा (रजि.) यांना, हफ्सा (रजि.) यांना एका विकारावरील उपचारही शिकविण्यास सांगितले. म्हणजे प्रेषितांच्या घरात लेखणी आली ती एका स्त्रीच्या हातून, आणि प्रेषितांच्या पसंतीने.

या शिक्षणाला पुढे केवढा मान लाभला पाहा. ह. अबू बकर (रजि.) यांच्या काळात कुरआनची जी लिखित पाने एकत्र करण्यात आली, ती त्यांच्यानंतर ह. उमर (रजि.) यांच्याजवळ आणि त्यांच्यानंतर ह. हफ्सा (रजि.) यांच्याजवळ राहिली. ह. उस्मान (रजि.) यांना कुरआनच्या प्रती तयार करून निरनिराळ्या प्रांतांत पाठवायच्या होत्या. तेव्हा त्यांनी हफ्सा (रजि.) यांच्याकडे निरोप पाठविला की, ती पाने आम्हाला द्यावीत, आम्ही नकला करून ती आपल्याला परत करू. पाने दिली गेली, नकला झाल्या आणि शब्द दिल्याप्रमाणे मूळ पाने हफ्सा (रजि.) यांना परत करण्यात आली. एवढ्या विशाल राज्याचा खलीफादेखील त्या अमानतीसाठी एका विदुषीची परवानगी घेतो, हे विसरण्याजोगे नाही.

उत्तराची वाट पाहणारी पत्रे

ह. आयेशा (रजि.) यांचे मदीनेतील निवासस्थान हे तर एक विद्यापीठच होते. त्यांच्याकडून दोन हजारांहून अधिक हदीसकथने आपल्यापर्यंत पोहोचली आहेत. त्यांच्या देखरेखीखाली त्यांची भाची आयेशा बिन्ते तलहा (रह.) वाढत होती. इमाम बुखारी (रह.) यांनी ‘अल-अदबुल मुफ्रद’ या ग्रंथात स्त्रियांना पत्रे लिहिणे आणि त्यांनी उत्तरे देणे या विषयावर स्वतंत्र प्रकरणच केले असून त्यात या भाचीचीच आठवण दिली आहे. ती सांगते की, नगरोनगरीहून लोक मावशीकडे येत. मावशीजवळ माझे जे स्थान होते त्यामुळे वडीलधारी मंडळी माझीही भेट घेत, तरुण मंडळी दूरदूरच्या शहरांतून मला पत्रे आणि भेटवस्तू पाठवीत. मी मावशीला सांगे की, अमक्याचे पत्र आणि भेट आली आहे. त्यावर मावशी म्हणे की, बेटी, त्याला उत्तर दे आणि भेटीची परतफेड कर. तुझ्याजवळ देण्याजोगे काही नसेल तर मी देते. आणि ती खरोखरच देत असे.

या लहानशा प्रसंगात आपल्यासाठी मोठी शिकवण आहे. मावशीने पत्र लपविले नाही, भाचीवर संशय घेतला नाही आणि तिची लेखणीही काढून घेतली नाही. भाचीनेही काही लपविले नाही. पत्र आले की ती मावशीला सांगत होती. विश्वास आणि मर्यादा या दोन्ही गोष्टी त्या घरात एकत्र नांदत होत्या. जिथे मुलीला विश्वासाने विचारता येते, तिथे तिला चोरून लिहावे लागत नाही.

राज्यकर्त्याला पाठविलेले पत्र

आता त्या पत्राकडे येऊ. ह. मुआविया (रजि.) यांनी प्रथम शामचे प्रांताधिकारी म्हणून आणि हिजरी ४१ पासून संपूर्ण राज्याचे प्रमुख म्हणून दीर्घकाळ सत्ता सांभाळली. त्यांनी ह. आयेशा (रजि.) यांना पत्र लिहून विनंती केली की, मला उपदेशाचे पत्र लिहा, पण ते फार लांबवू नका. तिरमिजींच्या हदीससंग्रहात हा प्रसंग आणि आयेशा (रजि.) यांचे उत्तर दोन्ही जतन झाले आहेत.

उत्तर काही ओळींचेच आहे. आरंभी सलाम, शेवटी सलाम आणि मध्ये प्रेषित मुहम्मद (स.) यांचे एकच वचन. त्याचा आशय असा : जो मनुष्य लोकांची नाराजी पत्करून अल्लाहची प्रसन्नता शोधतो, त्याला लोकांच्या त्रासापासून सांभाळण्यास अल्लाह पुरेसा होतो, आणि जो अल्लाहला नाराज करून लोकांची मर्जी संपादन करू पाहतो, त्याला अल्लाह लोकांच्याच हवाली करून टाकतो.

या पत्रात काय आहे यापेक्षा काय नाही, याचाही विचार करा. राज्यकर्त्याची स्तुती नाही. स्वतःच्या थोरवीचा उल्लेख नाही. कोणतीही मागणी नाही, तक्रार नाही. आपले मत पुढे करण्याऐवजी त्यांनी प्रेषितांचे वचन पुढे केले. आणि ते वचनही असे निवडले की, सत्ताधीशाच्या दुखण्यावर नेमके बोट ठेवावे. कारण सत्ताधीशाला रोज कोणाची ना कोणाची मर्जी राखावी लागते. सरदारांची, सैन्याची, श्रीमंतांची, नातेवाइकांची. प्रत्येक मर्जीची एक किंमत असते आणि ती किंमत पुष्कळदा न्यायातून चुकती केली जाते. आयेशा (रजि.) यांनी त्यांना जणू एकच प्रश्न विचारला : आपण कोणाच्या प्रसन्नतेसाठी राज्य करीत आहात?

परंतु बंधू-भगिनींनो, हे पत्र केवळ राज्यकर्त्यांसाठी आहे असे समजून आपण सुटू शकत नाही. आपल्या घरांतही एक सत्ता चालते. तिचे नाव आहे ‘लोक काय म्हणतील?’ निकाह साधेपणाने करण्याची इच्छा असते, पण लोक काय म्हणतील म्हणून कर्ज काढून मांडव सजविला जातो. हुंडा घेणे अन्याय आहे हे ठाऊक असते, पण नातेवाइकांची मर्जी मोडवत नाही. बहिणीचा वारसाहक्क कुरआनने ठरवून दिला आहे, पण भावांची नाराजी नको म्हणून ती हक्कसोडपत्रावर सही करते आणि सारे कुटुंब त्यालाच सलोखा म्हणते. विधवेचा पुनर्विवाह वैध आहे, पण मोहल्ल्यातील कुजबुज आड येते. या प्रत्येक ठिकाणी आपण अल्लाहला नाराज करून लोकांची मर्जी विकत घेतो. आणि पुढे काय होते? लोक तर समाधानी होत नाहीतच. जेवणावळीतही खोट काढणारे काढतात. लोकांच्या हवाली होणे म्हणजे काय, हे यापेक्षा स्पष्ट कोणी सांगावे?

पत्र जपले गेले म्हणून

हे ज्ञान आपल्यापर्यंत आले, कारण स्त्रियांनी ते जपले आणि जाणत्यांनी ते मागून घेतले. ह. आयेशा (रजि.) यांच्याच छायेत वाढलेल्या अमरा बिन्ते अब्दुर्रहमान (रह.) या मदीनेच्या थोर हदीसज्ञ होत्या. खलीफा उमर बिन अब्दुल अजीज (रह.) यांना धास्ती वाटली की, जाणकार निघून जातील आणि विद्या नष्ट होईल. तेव्हा त्यांनी मदीनेस अबू बकर बिन हज्म (रह.) यांना लिहिले की, प्रेषितांच्या हदीस आणि अमरा यांच्याकडील हदीस शोधून लिहून ठेवा. अबू बकर हे अमरा यांचे भाचे होते. मावशीच्या घरातील विद्या भाच्याने लिहून घ्यावी, अशी खलीफाची आज्ञा झाली.

असे असूनही पुढच्या काळात मुलींना वाचन शिकवावे, पण लेखन शिकवू नये, असा समज काही घराण्यांत रूढ झाला. मुलगी पत्रे लिहील, ही भीती त्यामागे होती. यासाठी एका कथनाचा आधार दिला जाई, परंतु इब्नुल जौजी (रह.) यांनी ते रचलेल्या कथनांत गणले आहे. आपल्याच देशातील हदीसचे विद्वान शम्सुल हक अजीमाबादी (रह.) यांनी स्त्रियांना लेखन शिकविणे वैध आहे हे सिद्ध करणारी स्वतंत्र पुस्तिका लिहिली. ज्या मुलीला लिहिता येत नाही, तिला दाखवाल तिथे अंगठा उमटवावा लागतो. निकाहनाम्यावर मेहेर किती लिहिला, जमिनीच्या कागदावर काय लिहिले, हे तिला दुसऱ्याच्या तोंडून कळते. कुरआन तर उधारीचा व्यवहारसुद्धा लिहून ठेवण्याचा आदेश देतो.

आज आपल्या मुलींच्या हाती लेखणीही आहे आणि मोबाइलही. दिवसाकाठी शेकडो संदेश येतात आणि न वाचताच पुढे ढकलले जातात. अशा वेळी ह. आयेशा (रजि.) यांचे पत्र आपल्याला काही साध्या गोष्टी शिकविते. उत्तर द्यावे. थोडक्यात द्यावे. जे खात्रीने ठाऊक आहे तेवढेच लिहावे. आणि पाठविण्यापूर्वी स्वतःला विचारावे की, हे मी कोणाला प्रसन्न करण्यासाठी लिहीत आहे?

या महिन्यात एवढे करा. ह. आयेशा (रजि.) यांच्या त्या पत्राचा आशय घरातील मुलीकडून तिच्या हाताने एका कागदावर लिहून घ्या आणि तो अशा ठिकाणी लावा, जिथे घरातील निर्णय होतात. पुढच्या वेळी कोणी ‘लोक काय म्हणतील?’ असे विचारले, तर त्या कागदाकडे बोट दाखवा.

अल्लाह आपणा सर्वांना लोकांच्या मर्जीपेक्षा आपल्या प्रसन्नतेला मोठे मानण्याची सद्बुद्धी देवो आणि आपल्या मुलींना त्या पवित्र मातांच्या विद्येचा वारसा देवो. आमीन.