फॉरमॅटला ‘हो’ म्हणण्याआधी

आमच्या पिशोर भागात गाणी ऐकायचं यंत्र म्हणजे मोबाइलच, असं अजून झालेलं नाही. रात्रीच्या लाइटीवर मक्याला नाहीतर अद्रकाला पाणी द्यायला निघालेला माणूस चांगला फोन चिखलात न्यायला धजत नाही. त्याच्या खिशात बोटाएवढा एमपीथ्री प्लेअर असतो, किंवा मेमरी कार्ड घालायचा छोटा स्पीकर. बांधावर तो वाजत ठेवला की रानडुकरं फिरकत नाहीत म्हणतात. डुकरांना विचारायला कुणी गेलेलं नाही. गाणी संपली, कंटाळा आला, की बाजारातल्या मोबाइलच्या दुकानातून कार्ड नव्यानं भरून आणायचं.

आमच्या घरात लिनक्स आलं ते कुठल्या तत्त्वासाठी नाही. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ आमच्या जुन्या लॅपटॉपला चालेना. लॅपटॉप तर धडधाकट होता. मग त्यावर लिनक्स मिंट टाकलं. गल्लीतले प्लेअर तेव्हापासून माझ्याकडं यायला लागले, आणि ‘तुमच्या लिनक्सला हे दिसत नाही’ ही तक्रारही.

बहुतेक वेळा दोष लिनक्सचा नसतो. पण तो कुठं आहे हे पाहायच्या आत माणसं घाई करतात आणि नको ते बटण दाबून मोकळी होतात. आबांच्या प्लेअरचं तेच झालं.

आबा म्हणजे माझे थोरले चुलते. भजनी मंडळात पखवाज वाजवतात. त्यांच्या प्लेअरवर रेकॉर्डिंगही होतं. सप्ताहातला काकडा, हरिपाठ, आता हयात नसलेल्या एका जुन्या गायकाच्या चाली, असं बरंच काही त्यात साठलेलं होतं. दुसरी प्रत कुठंच नव्हती. मी घरी नसताना पुतण्यानं तो लॅपटॉपला लावून पाहिला. प्लेअरवर चार्जिंगची खूण आली, लॅपटॉपवर काहीच उमटलं नाही. आबा तो घेऊन एका दुकानात गेले. तिथल्या केबलनं प्लेअर दिसला, पण ‘ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल’ अशी पाटी आली. दुकानातल्या पोरानं रीतीप्रमाणं विचारलंही, “बाबा, फॉरमॅट मारू का?” आबांना वाटलं, पोरगं दुरुस्त करतंय. “मार की,” म्हणाले. पोरगं भल्या मनाचं. मोकळी झालेली जागा पाहून त्यानं वरून गाणीही भरून दिली. त्या भरलेल्या गाण्यांनी फॉरमॅटपेक्षा जास्त नुकसान केलं, ते कसं ते पुढं सांगतो.

आधी केबलचं. यूएसबी २.० च्या केबलीत चार तारा असतात: दोन विजेच्या, दोन माहितीच्या. स्वस्त चार्जिंगच्या केबलीत माहितीच्या दोन तारा नसतातच. बाहेरून काही कळत नाही आणि प्लेअर चार्ज होतो, म्हणून केबलवर कुणाचा संशय जात नाही. पुतण्यानं लावलेली केबल असलीच होती. तेव्हा पहिलं काम म्हणजे केबल बदला, आणि ज्या केबलीनं एखाद्या फोनमधले फोटो कॉम्प्युटरवर आलेले आहेत तीच घ्या. मी तिला लाल दोरा बांधून ठेवलाय आणि ती कुणाला चार्जिंगला देत नाही.

केबल खात्रीची असली की लिनक्सलाच विचारायचं. टर्मिनल उघडून ‘सुडो’ (एस-यू-डी-ओ), एक जागा सोडून डी-एम-ई-एस-जी, पुन्हा एक जागा सोडून उणे चिन्ह आणि डब्ल्यू, असं टाइप करून एंटर दाबा. पासवर्ड टाकताना पडद्यावर अक्षरं दिसत नाहीत, त्याला घाबरू नका. मागच्या ओळी सरसर निघून जातील, थांबल्या की प्लेअर लावा. नवी एकही ओळ आली नाही, तर केबल, पोर्ट किंवा प्लेअरची खाच यांपैकी काहीतरी गेलेलं आहे. सॉफ्टवेअरशी झगडण्यात अर्थ नाही. ‘डिस्क्रिप्टर रीड’ आणि पुढं ‘एरर उणे ७१’ असं काही पुन्हापुन्हा आलं, तरी आधी केबल आणि पोर्टच बदलून बघा. आमच्याकडच्या धुळीत पोर्ट साफ करण्यानंही बरीच कामं होतात.

‘यूएसबी स्टोरेज’ आणि मग एसडीबी किंवा एसडीसी असं नाव आलं, तर प्लेअर पेनड्राइव्हसारखा जोडला गेलाय. याला मास स्टोरेज म्हणतात, काही प्लेअरच्या सेटिंगमध्ये एमएससी लिहिलेलं असतं. प्लेअर ओळखला, कंपनीचं नाव दिसलं, पण डिस्कचं नाव आलंच नाही, तर तो बहुधा एमटीपीत आहे. ही पद्धत मायक्रोसॉफ्टनं २००४ च्या सुमारास विंडोज मीडिया प्लेअरच्या जोडीनं आणली आणि २००८ मध्ये ती यूएसबीच्या अधिकृत मानकांत गेली. दोन्हींतला फरक रेशन दुकानावरून लगेच कळतो. मास स्टोरेजमध्ये गोदामाची किल्ली आपल्या हातात येते, एमटीपीत काउंटरवर उभं राहून एकेक वस्तू मागावी लागते आणि आत जायला बंदी. म्हणूनच एमटीपीतल्या प्लेअरची फाइलसिस्टिम लिनक्सवरून दुरुस्त करता येत नाही, की पुसलेलं शोधता येत नाही.

लिनक्सला एमटीपी येत नाही, असं नाही. ‘लिबएमटीपी’ नावाची लायब्ररी हे काम करते आणि फाइल मॅनेजर तिच्याच जोरावर प्लेअर दाखवतो. पण प्लेअर एका वेळी एकाच प्रोग्रामशी बोलतो. फाइल मॅनेजरनं तो आधीच धरून ठेवलेला असला की दुसऱ्या प्रोग्रामला ‘डिव्हाइस बिझी’ असं उत्तर मिळतं. अशा वेळी फाइल मॅनेजरमध्ये प्लेअर इजेक्ट करायचा, केबल मात्र तशीच ठेवायची, आणि मग दुसरा प्रोग्राम उघडायचा. माझा सल्ला विचाराल तर प्लेअरमध्ये दोन्ही सोयी असतील तेव्हा मास स्टोरेजच निवडा. सॅनडिस्कच्या जुन्या सान्सा क्लिपमध्ये सिस्टिम सेटिंगखाली ‘यूएसबी मोड’ असा पर्याय होता, त्यात एमएससी निवडलं की प्रश्न मिटायचा. आता नव्या प्लेअरमध्ये हा पर्याय शोधावा लागतो.

आबांच्या प्लेअरमधला दुसरा बिघाड फाइलसिस्टिमचा होता. गाणी भरताना लाइट गेली, किंवा प्लेअर तसाच ओढून काढला, की फॅट ३२ या फाइलसिस्टिमची, म्हणजे कुठली फाइल कुठं ठेवलीय याची, नोंदवही अर्धवट राहते. लिनक्समध्ये हा धोका थोडा फसवा आहे. कॉपीची पट्टी भर्रकन शंभर टक्क्यांवर जाते, पण गाणी तेव्हा कॉम्प्युटरच्या मेमरीत असतात, प्लेअरमध्ये लिहिणं अजून चालूच असतं. इजेक्ट दाबल्यावर ‘काढू नका, माहिती लिहिली जात आहे’ अशा अर्थाची सूचना येते, तिला मान द्या. काही स्वस्त प्लेअर जुन्या १२ मेगाबिटच्या वेगानंच चालतात. डीएमईएसजीत त्यांच्यापुढं ‘फुल स्पीड’ लिहून येतं, आणि नाव काहीही असलं तरी तो वेग सगळ्यात हळूंपैकी आहे. त्या वेगानं एक जीबी भरायला पाव तास सहज लागतो. तेवढा वेळ चहा घ्या.

नोंदवहीत गोंधळ झाला की लिनक्स बऱ्याचदा प्लेअर ‘फक्त वाचण्यासाठी’ उघडतं. गाणं टाकायला गेलं तर नकार येतो आणि माणूस चिडतो. खरं तर आतला माल बाहेर काढून घ्यायला हीच वेळ चांगली. आधी सगळं लॅपटॉपवर उतरवून घ्या. मग प्लेअर अनमाउंट करून एफ-एस-सी-के डॉट व्हीफॅट ही आज्ञा उणे ए लावून चालवा, पुढं एसडीबी१ सारखं प्लेअरच्या भागाचं नाव. ते नाव एल-एस-बी-एल-के या आज्ञेत साइज बघूनच लिहा. लॅपटॉपची डिस्क एसडीए आणि प्लेअर एसडीबी, असं बहुधा असतं. बहुधावर विसंबून कुणाच्याही डिस्कवर आज्ञा चालवू नये.

आता आबांच्या रेकॉर्डिंगचं. झटपट फॉरमॅट सगळा माल पुसत नाही, नोंदवही कोरी करतं. माल जागेवरच असतो, त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. म्हणजे दुकानातून प्लेअर रिकामाच घरी आला असता तर जवळपास सगळं मिळालं असतं. भरून दिलेल्या गाण्यांखाली जे गाडलं गेलं, ते गेलं. उरलेल्यासाठी मी आधी ‘डीडीरेस्क्यू’नं अख्ख्या प्लेअरची हुबेहूब प्रत लॅपटॉपवर फाइल म्हणून काढली आणि प्लेअर बाजूला ठेवून दिला. मग त्या प्रतीवर ‘फोटोरेक’ चालवलं. नाव फोटोचं असलं तरी ते एमपीथ्री, वेव्ह अशा फाइलीही हुडकून काढतं. ‘टेस्टडिस्क’ या पॅकेजबरोबर फुकट मिळतं. सापडलेल्या फाइली कधीही त्याच प्लेअरवर उतरवू नका, नाहीतर उरलेलं आपल्याच हातानं गाडाल. काकड्याचा बराचसा भाग निघाला. फाइलींची मूळ नावं मात्र परत येत नाहीत, एफ आणि पुढं लांबलचक आकडे एवढंच असतं. कुठलं भजन कुठल्या फाइलीत, हे मंडळींनाच ऐकून सांगावं लागलं, आणि त्यात चाल कुणाची यावरून दोन वाद झाले.

हे सगळं मास स्टोरेज होतं म्हणून जमलं. एमटीपीचा प्लेअर असता तर माझ्याही हातात काही नव्हतं. त्यातलं मेमरी कार्ड काढता येत असेल तर ते कार्ड-रीडरला लावणं, एवढी एक वाट उरते.

हरिपाठावरून आणखी एक. ज्ञानदेवांच्या हरिपाठाचे २७ अभंग कुणी वेगवेगळ्या फाइलींत भरून घेतले आणि प्लेअर ते वाटेल त्या क्रमानं वाजवू लागला, ही तक्रार मी पुष्कळ ऐकली. फाइलींना १, २, ३ असे आकडे दिले तर काही प्लेअर १ नंतर १० घेतात, म्हणून ०१, ०२ असं लिहावं. तेवढ्यानंही भागलं नाही, तर तो प्लेअर नावाकडं बघतच नाही, फाइल ज्या क्रमानं कॉपी झाली त्या क्रमानं वाजवतो. ‘फॅटसॉर्ट’ नावाचा छोटा प्रोग्राम नोंदवहीतला क्रम नावांप्रमाणं लावून देतो. प्लेअर अनमाउंट करून चालवायचा. देवनागरी नावांच्या जागी चौकोन दिसले तर घाबरायचं कारण नाही. फॅट ३२ मध्ये देवनागरी नावं नीट बसतात, प्लेअरकडं ती दाखवायला फॉन्ट नसतो. चौकोनांतून अभंग शोधण्यापेक्षा नावं रोमनमध्ये द्यावीत, हा व्यवहार मी स्वीकारलाय. गाण्याच्या आत लिहिलेलं गायकाचं नाव बिघडत असेल तर ‘ईझीटॅग’ किंवा ‘किड३’ मध्ये टॅगची आवृत्ती २.३ ठेवून बघा. जुन्या प्लेअरना २.४ पचत नाही.

पुसलेली गाणी तरीही वाजतात, ही भुताटकी नव्हे. लिनक्सच्या फाइल मॅनेजरनं प्लेअरवरचं गाणं डिलीट केलं की ते त्याच प्लेअरवरच्या लपलेल्या ट्रॅश फोल्डरात जातं. जागा मोकळी होत नाही आणि भोळा प्लेअर त्या फोल्डरातलंही वाजवतो. शिफ्ट धरून डिलीट करा.

बाजारातून स्वस्तात ६४ जीबीचं कार्ड आणलंत, तर त्यात एकही गाणं भरण्याआधी ‘एफ३’ हा प्रोग्राम चालवा. कार्ड आपली खोटी साइज सांगतं, हा धंदा जगभर चालतो. खरी जागा ८ जीबी असते, तिच्यापुढं लिहिलेलं हवेत जातं किंवा आधीच्या गाण्यांवर चढतं, आणि कॉपी करताना एकही चूक दिसत नाही. एफ३राइट मोकळी जागा भरतं, एफ३रीड ती परत वाचून किती खरं उतरलं ते सांगतं. संध्याकाळी लावून सोडा.

टर्मिनलची भीती वाटत असेल त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मध्ये लिनक्सचे धडे मराठी आवाजात आहेत. सावकाश बोलतात, थांबवून थांबवून करता येतात. पुतण्याला मी तेच लावून दिलं.

नवा प्लेअर घेताना लॅपटॉप आणि खात्रीची केबल दुकानात घेऊन जा. लिनक्स म्हणजे काय हे दुकानदाराला समजावत बसू नका. प्लेअर लावा, डीएमईएसजीत यूएसबी स्टोरेज येतं का बघा, एक गाणं टाका, इजेक्ट करा, तिथंच वाजवून बघा. कार्ड बाहेर काढता येणारा प्लेअर पाच-पन्नास रुपये महाग असला तरी तोच घ्या.