स्थिर गाभ्याची निवड

संगणकाची यंत्रसामग्री आणि तिच्यावर चालणाऱ्या आज्ञावली यांच्यामध्ये राहून स्मृतीची वाटणी, प्रोसेसरच्या वेळेची विभागणी व उपकरणांशी देवघेव ही कामे जी मूळ आज्ञावली करते, तिला कार्यप्रणालीचा गाभा किंवा कर्नल असे म्हणतात. हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेला लिनक्स हा गाभा आज फोनपासून कारखान्यातील नियंत्रकांपर्यंत असंख्य वस्तूंत वापरला जातो.

अशी वस्तू घडविणाऱ्यापुढे पहिला प्रश्न येतो तो हा, की गाभ्याची कोणती आवृत्ती घ्यावी? नवी मुख्य आवृत्ती साधारणतः नऊ-दहा आठवड्यांनी निघते. पुढची निघाली, की थोड्याच दिवसांत आधीच्या सामान्य आवृत्तीची दुरुस्ती थांबते. मग एखादी जुनी, पारखलेली आवृत्ती घेऊन तिला पुन्हा हात लावूच नये, असे कोणासही वाटेल.

परंतु हा समज घातक आहे. २००७ पासून गाभ्यात दडलेला ‘डर्टी काऊ’ नावाचा दोष ऑक्टोबर २०१६ मध्ये उघडकीस आला. त्याच्या आधारे सामान्य वापरकर्ता केवळ वाचण्याची मुभा असलेली फाइल बदलून संगणकाचे सर्वाधिकार मिळवू शकत असे. दुरुस्ती तत्कालीन नव्या आवृत्तीत आली, तशीच जानेवारी २०१६ च्या ४.४ या दीर्घकालीन आवृत्तीतही ४.४.२६ या क्रमांकाने आली. यातील अखेरचा आकडा दुरुस्त्यांचा अनुक्रम दाखवितो. ज्यांनी गाभा गोठवून ठेवला, त्यांच्या वस्तूंत मात्र तो दोष तसाच राहिला. उपसा असलेली विहीरच निर्मळ राहते. त्याचप्रमाणे ज्या आवृत्तीची दुरुस्ती अखंड चालू असते, तीच खरोखर स्थिर होय.

दीर्घकालीन आवृत्त्यांची मुदत आरंभी किमान दोन वर्षांची असते. काहींची पुढे वाढविली जाते. ४.४ ची दुरुस्ती मूळ व्यवस्थेने २०२२ पर्यंत केली. वीज, रेल्वे यांसारख्या व्यवस्थांची गरज याहून मोठी असल्यामुळे निवडक आवृत्त्या दहा वर्षे सांभाळण्याचा ‘सिव्हिल इन्फ्रास्ट्रक्चर प्लॅटफॉर्म’ हा उपक्रम २०१६ मध्ये सुरू झाला.

आता हिशेब करून पाहू. समजा, एखादे उपकरण घडविण्यास दीड वर्ष लागते आणि ते आठ वर्षे वापरात राहावयाचे आहे. काम सुरू करतेवेळी दोन वर्षांच्या मुदतीची आवृत्ती घेतली, तर विक्रीच्या दिवशी सहा महिनेच उरतात. म्हणून एका दीर्घकालीन आवृत्तीवरून दुसरीवर जाण्याची तजवीज आरंभीच केली पाहिजे. जुन्या आज्ञावली नव्या गाभ्यावर चालल्या पाहिजेत, हा नियम लिनक्सचे कर्ते कसोशीने पाळतात. गाभ्याच्या अंतर्गत रचनेस मात्र हे अभय नाही. त्यामुळे चिपच्या उत्पादकाने स्वतंत्रपणे जोडलेले उपकरणचालक दर स्थलांतरात नव्याने जुळवावे लागतात. ते मुख्य शाखेत समाविष्ट झालेले असले, तर हे ओझे पुष्कळ हलके होते.

तात्पर्य, निवड करताना तीन गोष्टी पाहाव्यात : विक्रीच्या दिवशी मुदत किती उरेल, स्वतःचे बदल किती थोडे आहेत, आणि ग्राहकाच्या घरी पोहोचलेल्या वस्तूस दुरुस्ती कोणत्या मार्गाने मिळेल.