कॅमेरा येतोय म्हणे!

आमच्या धंद्यात दोन पंचांगं चालतात. एक दात्यांचं, सोलापूरचं. त्यात लग्नाचे मुहूर्त असतात आणि ते ठरल्या दिवशी लागतात. दुसरं कुणी छापत नाही. ते चहाच्या गाड्यावर, अल्बमच्या लॅबमध्ये आणि फोटोग्राफर मंडळींच्या फोनवर फिरतं. त्यात नवीन कॅमेऱ्यांचे मुहूर्त असतात. ‘दिवाळीला येणार.’ ‘छे, फेब्रुवारीत.’ ‘अण्णा, पक्की खबर हाय, जपानमधनं फोटो फुटलाय.’ पहिल्या पंचांगावर माझं घर चालतं. दुसऱ्याच्या नादानं कबनूर-इचलकरंजी पट्ट्यातल्या किती जणांचे किती हंगाम गेले, ते मी जवळून पाहिलंय. त्यांत मीही होतो. म्हणून हे चार शब्द, विशेषतः नव्यानं धंद्यात येणाऱ्या पोरांसाठी.

कबनूर म्हणजे इचलकरंजीला चिकटलेलं, हातकणंगले तालुक्यातलं गाव. दिवसरात्र मागाची खडखड. आमचं गिऱ्हाईक म्हणजे यंत्रमागवाले, सायझिंगमधले दिवाणजी, कांडीवाल्या मावश्या, आसपासचे ऊसवाले. काम तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतं, एप्रिल-मे महिन्यांत जेवायला सवड नसते आणि आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की हात रिकामे. म्हणजे कॅमेरा घ्यायचा, हाताळायचा, त्याच्या खोडी ओळखायच्या तर श्रावण ते दसरा एवढाच काळ. जपानातल्या कंपनीला आमच्या चातुर्मासाचं काय!

माझ्याकडे निकॉनची डी३००एस होती. ३० जुलै २००९ रोजी जाहीर झालेली, १२.३ मेगापिक्सेलची, हातातून पडली तरी चालेल अशी दणकट बॉडी. उन्हात सोनं. पण संध्याकाळी वरातीत किंवा पिवळ्या बल्बांच्या मंडपात आयएसओ १६०० च्या वर नेला की फोटोत दाणे दिसायचे. त्यामुळे तिच्या पुढच्या मॉडेलकडे सगळ्यांचे डोळे. नाव आम्हीच ठेवून टाकलं होतं, डी४००. सप्टेंबर २०१० मध्ये डी७००० आली, १६.२ मेगापिक्सेलची, दोन कार्डांची. आम्ही म्हणालो, छान आहे, पण ही ‘ती’ नव्हे. फेब्रुवारी २०१३ मध्ये डी७१०० आली. तिच्यात २४ मेगापिक्सेल आणि डी३००एससारखेच ५१ फोकस पॉइंट. पुन्हा तेच, ही ‘ती’ नव्हे. डी४०० नावाचा कॅमेरा कधी आलाच नाही. ५ जानेवारी २०१६ रोजी जाहीर झाली ती डी५००. जुलै २००९ ते जानेवारी २०१६. मधल्या काळात आम्ही ज्यांच्या लग्नाचे अल्बम केले, त्यांची पोरं बालवाडीत जायला लागली.

आणि डी५०० तरी वेळेवर आली का? मार्चमध्ये मिळेल असं आधी सांगितलं होतं, प्रत्यक्षात एप्रिलअखेर उजाडली. तेव्हा आमच्याकडे एका दिवशी दोन-दोन लग्नं. नवा कॅमेरा खोक्यातून काढून सरळ अक्षतांना घेऊन जाणारा एक तर फार मोठा कलाकार असतो, नाहीतर त्याला गिऱ्हाइकाची भीती नसते. कॅनॉनवाल्यांचं दुःख थोडं कमी, पण जात तीच. त्यांची ७डी सप्टेंबर २००९ मधली, तिची मार्क टू सप्टेंबर २०१४ मध्ये.

या वाट बघण्याची किंमत कुठं मोजायची, तर कामाच्या वहीत. डी३००एसचं शटर दीड लाख क्लिकपर्यंत तपासलेलं आहे, असं कंपनी सांगायची. माझं त्याच्या बरंच पुढं गेलं आणि एका हळदीत, नवरीच्या आत्या उटणं लावत असताना, जागेवर थांबलं. डिस्प्लेवर नुसतं एरर लुकलुकायला लागलं. ओळखीच्या एका फोटोग्राफरनं पोराकरवी मोटरसायकलवरून त्याची जादा बॉडी पाठवली, म्हणून अब्रू राहिली. नव्याची वाट बघताना जुनं रोज झिजत असतं, ही गोष्ट अफवांच्या चर्चेत कुणी काढत नाही. तेव्हापासून माझा नियम एकच: लग्नाला दोन बॉड्या. दुसरी साधी असली, सेकंड हॅण्ड असली तरी चालते, पण पिशवीत पाहिजेच.

नव्या मॉडेलला तीन तारखा असतात, हे पोरांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. एक जाहीर होण्याची, दुसरी बाजारात येण्याची आणि तिसरी आपल्या हातात पडण्याची. डी८५०चं उदाहरण घ्या. निकॉनला शंभर वर्षं झाली त्या दिवशी, २५ जुलै २०१७ ला, ‘आम्ही असा कॅमेरा बनवतोय’ एवढंच सांगितलं. सगळा तपशील जाहीर झाला २४ ऑगस्टला. विक्री सप्टेंबरमध्ये सुरू झाली आणि मागणी एवढी की पुढे कितीतरी महिने माल पुरेना. आमच्याकडे एका दुकानदारानं ‘दसऱ्याला तुमच्या हातात’ म्हणून माझ्याकडून आगाऊ रक्कम घेतली. दसरा गेला, दिवाळी गेली, तुळशीचं लग्न लागलं. फोन केला की ‘दादा, आज-उद्या गाडी येतीय.’ शेवटी बॉडी आली तेव्हा तिच्यासोबत बॅग, कार्ड आणि ट्रायपॉड घेतल्याशिवाय देत नाही म्हणाला. पावतीवर मॉडेलचं नाव होतं. भाव नव्हता, तारीख नव्हती, पैसे परत मिळण्याबद्दल अक्षर नव्हतं. मग भांडायचं कशाच्या जोरावर?

तेव्हा आगाऊ रक्कम द्यायचीच असेल तर थोडी द्या, बँकेतून द्या आणि पावतीवर चार गोष्टी लिहून घ्या: नेमकं मॉडेल, ठरलेला भाव, कधीपर्यंत देणार आणि नाही दिलं तर पैसे किती दिवसांत परत. ओळखीचा दुकानदार असला तर लिहून घ्यायला संकोच वाटतो. त्यालाही द्यायला संकोच वाटला, की समजून जावं. कॅमेरा हातात आल्यावर बिलावरचा सिरीयल नंबर बॉडीवरच्या नंबराशी जुळवून बघा आणि वॉरंटी कार्ड भारतातलं आहे ना, ते पाहा. स्वस्तात मिळणाऱ्या बिनबिलाच्या मालाला पुढं सर्व्हिस सेंटरच्या दारात कुणी विचारत नाही.

जाहीर झालेला कॅमेरा येईलच, हेही गृहीत धरू नका. फेब्रुवारी २०१६ मध्ये निकॉननं डीएल नावाचे तीन छोटे कॅमेरे जाहीर केले होते. फोटो आले, भाव आले. वर्षभरानं, फेब्रुवारी २०१७ मध्ये, कंपनीनं सांगितलं की ते विकायला काढणारच नाही. आणि कधीकधी दोष कुणाचाच नसतो. २०११ च्या मार्चमध्ये जपानात भूकंप झाला, सेंदाईजवळचा निकॉनचा कारखाना बंद पडला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये थायलंडच्या अयुथ्या भागातला कारखाना पुरात बुडाला. पंचगंगेचं पाणी घरात शिरलेलं बघितलेल्या आम्हा लोकांना हे समजायला जड नाही. पुढच्या वर्षी मात्र ‘कंपनी मुद्दाम माल अडवती’ असं छातीठोक सांगणारे मी ऐकलेत.

पहिल्या खेपेचा मोह हा वेगळाच रोग. सप्टेंबर २०१२ मधली डी६०० आठवा. स्वस्तातला फुलफ्रेम म्हणून तिच्यावर उड्या पडल्या आणि मग सेन्सरवर ठिपके जमू लागल्याच्या तक्रारी निघाल्या. वर्षभरात, ऑक्टोबर २०१३ मध्ये, डी६१० आली. २०१४ मध्ये कंपनीनं डी६०० फुकट तपासून शटर बदलून देण्याचं जाहीर केलं, वॉरंटी संपली असली तरी. कॅनॉनच्या ५डी मार्क थ्रीच्या सुरुवातीच्या कॅमेऱ्यांत वरच्या डिस्प्लेचा दिवा लागला की अंधारात मीटर चुकायचं. या कंपन्यांनी दुरुस्ती करून दिली, त्याबद्दल नाव ठेवायला जागा नाही. पण दुरुस्तीला गेलेली बॉडी मे महिन्यात आपल्या खांद्यावर नसते. माझा सल्ला असा की मॉडेल बाजारात आल्यावर निदान एक हंगाम दुसऱ्यांना वापरू द्या. तोवर एखाद्या दिवसासाठी भाड्यानं आणा, हळदीला चालवून बघा. भाड्याचे ते पैसे वाया जात नाहीत.

खर्चाचंही नीट बघा. डी८५० अडीच लाखांच्या वर होती, बॉडीच फक्त. एक्सक्यूडी कार्ड वेगळं, त्याचा रीडर वेगळा, जादा बॅटरी वेगळी. ४५.७ मेगापिक्सेलची एक रॉ फाइल ५० एमबीच्या आसपास जाते. एका लग्नात दोन हजार क्लिक केले तर १०० जीबी झालेच. घरातला जुना संगणक तिथं मान टाकतो. फोटोशॉप जुनं असेल तर नव्या कॅमेऱ्याची रॉ फाइल उघडतच नाही. मग अडोबीचं फुकट मिळणारं डीएनजी कन्व्हर्टर वापरून फाइल बदलून घ्यावी लागते. कॅमेऱ्याचा भाव विचारताना हे सगळं त्यात धरून विचारा. आणि वाट बघून फायदा झालाच तर तो बहुधा जुन्या मॉडेलच्या उतरलेल्या भावात होतो. एकदा सरकारनंही केला: डिजिटल कॅमेऱ्यावरचा जीएसटी १ जानेवारी २०१९ पासून २८ टक्क्यांवरून १८ वर आला. पण तसा योग रोज येत नाही.

कोल्हापूर जिल्ह्यात राहून कॅमेऱ्याबद्दल लिहायचं आणि बाबूराव पेंटरांचं नाव घ्यायचं नाही, हे जमणार नाही. आनंदराव पेंटर आणि बाबूराव यांना सिनेमा काढायचा होता. हाताशी कॅमेरा नव्हता, म्हणून तो स्वतःच बनवायच्या मागे लागले. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी सहकारी दामल्यांच्या मदतीनं १९१८ च्या सुमारास कॅमेरा पुरा केला आणि १९२० मध्ये त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. त्यांना काय दाखवायचंय ते आधी ठाऊक होतं, यंत्र नंतर. आमच्यातल्या अनेकांचं उलटं. कॅमेरा कुठला येणार ते तोंडपाठ, पण येत्या हंगामात कामात काय सुधारायचं ते विचारा, गप्प. गिऱ्हाईक तर बॉडीचं नाव कधीच विचारत नाही. ते विचारतं, ‘किती कॅमेरे? ड्रोन हाय का? अल्बम किती पानी?’ माझ्या अल्बमातला सगळ्यात मोठा फरक बॉडी बदलल्यानं पडलेला नाही. छताला उलटा मारायचा फ्लॅश आणि ८५ एमएमची लेन्स हाताशी आली, तेव्हा तो पडला.

आता वाट बघणाऱ्यांसाठी शेवटची आणि खरी गोष्ट. डीएसएलआरमध्ये निकॉनची डी७८० आणि डी६, कॅनॉनची ८५०डी आणि १डीएक्स मार्क थ्री, हे सगळं २०२० च्या पहिल्या दोन महिन्यांत जाहीर झालेलं. त्यानंतर या दोन्ही कंपन्यांनी नवीन डीएसएलआर काढलेली नाही, सगळा जोर मिररलेसवर. ५डी मार्क फोर ऑगस्ट २०१६ ची. तिच्या मार्क फाइव्हची वाट बघत बसलेली माणसं अजून भेटतात. मिररलेसवर जायचं तर जा, चांगलंच आहे, पण आधी घरातल्या लेन्स मांडून बसा. निकॉनचा एफ माउंट १९५९ पासूनचा. त्यातल्या जुन्या एएफ-डी लेन्सना स्वतःची मोटर नसते आणि निकॉनच्या एफटीझेड अॅडॉप्टरमध्येही ती नाही. म्हणजे लेन्स बसेल, पण फोकस हातानं करायचा. फेरे चालू असताना तो करून बघा एकदा! शिवाय २०१८ मधल्या पहिल्या मिररलेस बॉड्या, निकॉनच्या झेड६ आणि झेड७, कॅनॉनची ईओएस आर, या तिन्हींत कार्डाची जागा एकच आहे. सेकंड हॅण्डमध्ये त्या स्वस्त दिसतात. लग्नाच्या कामाला दोन कार्डांचीच बॉडी घ्या, कारण अक्षता दुसऱ्यांदा पडत नाहीत.

ज्याच्याकडे चालती डीएसएलआर आहे, त्यानं ती निवांत चालवावी. दुसरी बॉडी हवी असेल तर वापरलेल्या डी७५०, डी६१०, ५डी मार्क थ्री भरपूर मिळतात. नवी हातात येईपर्यंत जुनी विकू नका आणि सौदा दसऱ्याच्या आत उरका. निकॉनच्या फोटोत शटर काउंट लिहिलेला असतो. समोरच्याला तिथंच एक फोटो काढायला लावा, तो आपल्या फोनवर घ्या, आकडा बघा आणि मगच पैशाचं बोला.